कॅमेरा वाघूर ओलांडत नाही

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरच्या पलीकडे, असीरगड गावात लोक रात्री शेतं उकरत होते. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या हातात मोबाइलचा दिवा, कुणी चाळणी घेऊन आलेला, कुणी धातू शोधायचं यंत्र घेऊन. महामार्गाच्या कामात निघालेली माती तिथल्या शेतांत टाकली होती आणि तिच्यात मोगली नाणी सापडतात अशी आवई उठली होती. आवईला जोर आला तो सिनेमामुळे. १४ फेब्रुवारीला संभाजीराजांवरचा ‘छावा’ पडद्यावर आला होता आणि त्याच्या सुरुवातीलाच बुऱ्हाणपूरची लूट आहे. शेवटी प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. बुऱ्हाणपूर आम्हाला परकं नाही. जामनेरहून बोदवड-मुक्ताईनगरच्या रस्त्याने माणूस सकाळी निघून कामं आटोपून संध्याकाळी घरी येतो, आणि तापीच्या या काठावरच्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडे आहे.

या प्रकाराला खुळेपणा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. बुऱ्हाणपूरच्या वैभवावर पुस्तकं पूर्वीही होती. ती वाचून कुणी रात्री फावडं घेऊन बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. पडद्यावर पाहिलेलं माणसाला आपल्या पायाखालच्या मातीइतकं खरं वाटतं, एवढी त्या माध्यमाची ताकद आहे. त्याच महिन्यात नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल उसळली, तेव्हा या सिनेमाने लोकांच्या मनातला राग जागा झाला, असं खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आज संध्याकाळी रस्त्यावर येते. अशा वेळी ती गोष्ट कोण सांगतंय, कुठे उभं राहून सांगतंय, हे विचारायला हवं.

आधी या पडद्याचं देणं मान्य करतो. संभाजीराजांची कित्येक पिढ्यांच्या मनातली प्रतिमा बखरींनी आणि नाटकांनी घडवली होती, आणि ती चांगली नव्हती. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आला. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली, २०१७ साली झी मराठीवर मालिका सुरू झाली आणि २०२५ साली सिनेमा. संशोधकाच्या टेबलावरून निघालेली गोष्ट जामनेरच्या चित्रपटगृहात पोहोचायला पासष्ट वर्षं लागली. ती पोहोचली याचा मला आनंद आहे. अन्याय झालेल्या राजाला न्याय मिळाला, तो पुस्तकाने सुरू केला आणि पडद्याने घरोघरी नेला.

पण वाटेत काही गळलं, आणि जे गळलं ते नेमकं आमच्या मुलखाचं होतं. १६८१ च्या आरंभी मराठी फौजा हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली बुऱ्हाणपूरवर तुटून पडल्या, बहादुरपुरा लुटला आणि चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेल्या. म्हणजे लुटीचा माल लादलेली ती फौज तापीच्या खोऱ्यातून, आमच्या गावांमधून गेली. त्याच्याही दहा वर्षं आधी, १६७० च्या डिसेंबरात, कारंजा लुटण्याच्या मोहिमेत प्रतापराव गुजरांनी खान्देशातल्या गावच्या पाटलांकडून चौथाई देण्याचे लेखी करार करून घेतले होते. मोगली मुलखात चौथाई बसवल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद. पुढे धरणगावची इंग्रजांची वखारही लुटली गेली. ज्या पाटलाने बुऱ्हाणपूरच्या सुभेदाराकडे सारा भरला, त्यानेच मराठ्यांना चौथाई लिहून दिली. त्याच्या गोठ्यात काय उरलं असेल, रात्री त्याला झोप लागली असेल का, कुठल्या फौजेचा धुरळा दिसला की गावाने गुरं रानात हाकलली असतील?

पडद्यावर घोडदळ दौडत येतं तेव्हा कॅमेरा घोड्यावर असतो. वेशीत उभा राहून तो धुरळा पाहणारा माणूस चौकटीत नसतो. समोर बसलेला जामनेरचा पोरगा स्वतःला घोड्यावर बघतो, त्याची छाती भरून येते, आणि त्या अभिमानाला कुणी नावं ठेवू नयेत. मात्र त्याचा स्वतःचा पूर्वज बहुधा वेशीत उभा होता. लोकप्रिय इतिहासपट आपल्याला इतिहास देतात आणि तो कुठून पाहायचा ती जागाही नेमून देतात. खान्देशला स्वतःची जागा अजून मिळालेली नाही, आणि ती दुसरं कुणी आणून देणार नाही.

स्वातंत्र्यानंतर ही जागा नेमून देण्याचं काम बराच काळ सरकारकडे होतं. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त माहितीपट किंवा वार्तापट दाखवणं चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीने बंधनकारक होतं, आणि त्याचं भाडंही त्यांनाच मोजावं लागे. एकच माहितीपट अनेक भाषांत डब होऊन देशभर फिरायचा. ज्यांनी आयुष्यात भुसावळ जंक्शन ओलांडलं नव्हतं, त्यांनी त्या पडद्यावर धरणं, पोलादाचे कारखाने, प्रजासत्ताक दिनाचं संचलन आणि निधर्मी, कष्टाळू, एकसंध भारत पाहिला. अर्धे लोक बाहेर विडी ओढत थांबायचे, हे खरं. तरीही तो धीरगंभीर आवाज कानावर पडायचाच, आणि देश म्हणजे काय याची एक कल्पना त्या आवाजातून मनात बसायची. १९६८ साली विठ्ठलभाई झवेरींनी गांधीजींवर केलेला साडेपाच तासांचा ‘महात्मा’ हा माहितीपट घ्या. आज टीव्हीवर, मोबाइलवर गांधी म्हणून जी हलती चित्रं दिसतात, ती अशाच मोजक्या लोकांनी चिकाटीने गोळा केलेल्या फितींतली आहेत. गांधी कसे चालत, कसे हसत, हे आपल्याला त्यांच्यामुळे ठाऊक आहे.

मग १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांचं ‘भारत एक खोज’ आलं. त्रेपन्न भाग. मूळ पुस्तक नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं. आमच्याकडे तेव्हा गल्लीत एखाददुसरा टीव्ही. शिवाजी महाराज झालेले नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब झालेले ओम पुरी अजून डोळ्यांसमोर येतात. त्या मालिकेची एक गोष्ट मला आज फार मोलाची वाटते. नेहरूंच्या वेशातले रोशन सेठ पडद्यावर येऊन स्वतः बोलत. हा इतिहास एका माणसाने पाहिलेला आहे, तो माणूस हा असा दिसतो, त्याची मतं ही अशी आहेत, हे प्रेक्षकाला प्रत्येक भागात कळत होतं. पटलं नाही तर भांडायला समोर कुणीतरी होतं.

आता तसं कुणी समोर नसतं. जामनेरच्या बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर कॉलेजची पोरं दीडपट वेगाने इतिहासाचे व्हिडिओ पाहतात. बोलणारा दिसत नाही, त्याने काय वाचलंय ते कळत नाही, मागे ढोल वाजत असतो. गेल्या दोन-तीन वर्षांत संगणकाने बनवलेली चित्रं आली, आणि त्यांत सह्याद्रीतल्या गडांना राजस्थानी झरोके असतात, मावळ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट असतात. सिनेमा आणि माहितीपट यांच्यातलं कुंपणही मोबाइलवर मोडून पडलंय. सिनेमाचा तुकडा, मालिकेचा तुकडा, ड्रोनने टिपलेला किल्ला आणि एखाद्या खऱ्या अभ्यासकाचं व्याख्यान, सगळं एकाच रांगेत येतं. सिनेमा पाहताना माणूस निदान मनात म्हणतो की हा सिनेमा आहे. ‘माहिती’ म्हणून आलेल्या गोष्टीला तो एवढाही प्रश्न विचारत नाही, म्हणून मला माहितीपटाची जबाबदारी सिनेमाहून मोठी वाटते.

मात्र आमचं खरं दुखणं त्याहून जुनं आहे, आणि ते पाहायचं तर अजिंठ्याला जायला हवं.

अजिंठ्याची लेणी आज सोयगाव तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण तिथली वाघूर नदी सात कुंडांतून उड्या घेत खाली येते, फर्दापूर मागे टाकून पहूरला जामनेर तालुक्यात शिरते, पुढे धरणात अडते आणि जळगाव शहराची तहान भागवते. लेण्यांना भेट देणाऱ्या साहेबलोकांना जुन्या प्रवासी पुस्तकांत सल्ला असे, की पाचोऱ्याला गाडी बदला, जामनेरच्या छोट्या रेल्वेत बसा आणि पहूरला उतरा. २०२० च्या टाळेबंदीत थांबलेली आमची ‘पीजे’ ती हीच. जग अजिंठ्याला जायचं ते आमच्या अंगणातून.

अजिंठ्यावरचा कुठलाही लोकप्रिय माहितीपट लावा, सुरुवात ठरलेली असते. घनदाट रान, वाघाची डरकाळी, मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ, पलीकडच्या कड्यावरून त्याला झाडीत दिसलेली कमान, आणि निवेदकाचा आवाज: हजार वर्षं विस्मृतीत गेलेला खजिना जगाला सापडला. दहाव्या लेण्यात एका खांबावर स्मिथने आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरून ठेवली आहे, २८ एप्रिल १८१९. कॅमेरा त्या अक्षरांवर जाऊन थांबतो.

त्या खांबापाशी थोडं जास्त वेळ उभं राहावं. पहिली गोष्ट, ती अक्षरं मोकळ्या दगडावर नाहीत, रंगवलेल्या चित्रावर ओरखडली आहेत. दुसरी, ती माणसाच्या डोक्याच्या वर आहेत. आज जमिनीवर उभं राहून तिथे हात पोहोचत नाही. १८१९ साली लेण्यात माती आणि दगडगोटे साचून जमीन कित्येक फूट वर आलेली होती, आणि स्मिथ त्या ढिगावर उभा होता. ज्या उंचीवर तो उभा होता ती त्याच्या पायाखालच्या गाळाने दिलेली होती. पडद्यावर अक्षरं दिसतात, खालची रिकामी जागा दिसत नाही. गाळ उपसून झाला तरी गोष्ट अजून त्याच उंचीवर टांगलेली आहे.

लेणी हरवली होती, ती नेमकी कोणाच्या दृष्टीने? सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने या मठांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. लेण्यांच्या वरच्या अंगाला लेणापूर नावाचं गाव आहे. भिल्ल त्या दरीत वावरत होते, आणि १८१९ नंतर आलेल्या इंग्रज प्रवाशांनी त्यांची भीती वाटल्याचं लिहिलं आहे. बैराग्यांनी गुंफांत चुली मांडल्या, त्यांचा धूर चित्रांवर बसला. १८०३ साली असईच्या लढाईनंतर इंग्रजांच्या जखमी सैनिकांना अजिंठा गावातच ठेवलं होतं. ही लेणी माहीत असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होती. स्मिथला वाट दाखवणारा एक गुराखी पोरगा होता असं गाइडसुद्धा सांगतात. त्या पोराचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही, म्हणून माहितीपटात तो पाठमोरा येतो आणि जातो.

गोष्ट दुसरीकडून सुरू करता आली असती, आणि तीही तितकीच पकड घेणारी झाली असती. सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाचा मांडलिक, याच परिसरावर राज्य करणारा एक राजा, त्याचा धाकटा भाऊ अकाली गेला. त्या दुःखात त्याचं मन राज्यकारभारातून उडालं आणि त्याने हा विहार कोरवला. भारतातलं सगळ्यात सुंदर चित्रांचं दालन भावाच्या मृत्यूच्या शोकातून उभं राहिलं. शेजारच्या सोळाव्या लेण्यात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी अर्धं आयुष्य या दरीत घालवलं आणि मांडलं, की इथली बहुतेक नंतरची लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अवघ्या वीसेक वर्षांत कोरली गेली आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर काम कोलमडलं. काहींना त्यांचा कालक्रम मान्य नाही. पण विचार करा, वीस वर्षांत एवढं काम म्हणजे किती पाथरवट, किती चितारी, किती बैल, किती धान्य? ते धान्य कुठून आलं असेल? घाटाखालच्या या काळ्या जमिनीतूनच आलं असणार, असं मला वाटतं. माहितीपटाला हे दाखवायला वाघ लागत नाही. पण तो शोकाकुल राजा आणि ते धान्य पिकवणारे पडद्यावर आले तरी ओझरते येतात, आणि स्मिथला पाच मिनिटं मिळतात.

मी हे कुठल्या इंग्रजावरच्या रागाने लिहीत नाही. मेजर रॉबर्ट गिल १८४४ साली चित्रांच्या नकला करायला आला आणि जवळजवळ वीस वर्षं इथे राबला. त्याने पाठवलेल्या नकलांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कला शाळेतले जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, आणि त्यांच्याही कित्येक नकला १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. त्या पहिल्या आगीनंतर गिलने परत हाती कुंचला आणि छायाचित्राचं यंत्र धरलं होतं. १८७९ साली तो वारला आणि त्याला भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत मूठमाती दिली. त्याची प्रेयसी पारो अजिंठा गावात आहे, १८५६ सालच्या कबरीत. दोघांच्या प्रेमावर ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ साली सिनेमा केला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दोन दिवसांत ते दोघेही गेले. महानोर तर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या डोंगराच्या सावलीतले. पारोला त्यांनी आवाज दिला, आणि हे काम एखाद्या परक्या वाहिनीकडून झालं नसतं. पण गाइड, व्हिडिओ आणि सहली यांनी या प्रेमकथेला एवढं उचललं की पारोबद्दल कागदावर किती थोडं आहे, हेच लोक विसरले. आज ती कथा इतिहास म्हणून सांगितली जाते. कवीने कविता म्हणून लिहिलं होतं, हे सांगणारा माहितीपट पाहिजे.

ग्रिफिथ्सनंतर १९०९ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम नकलांसाठी आल्या तेव्हा त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून तरुण चित्रकार आले होते. त्यांच्यात नंदलाल बोस होते. हेच नंदलाल सत्तावीस वर्षांनी पुन्हा खान्देशात आले, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला.

फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला भरलं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की शहरातला मंडप खेड्यात आणून ठेवायचा नाही, खेड्यातल्याच वस्तूंनी नगर उभारायचं. नंदलालांनी बांबू, चटया, स्थानिक कारागिरांचे हात यांच्यातून टिळकनगर उभं केलं. नेहरूंना बैलजोड्या जुंपलेल्या रथातून आणलं. धनाजी नाना चौधरी झटले, साने गुरुजी गावोगाव फिरले. शेतसारा, कर्ज, कुळांचे हक्क यांच्यावरचा जो कार्यक्रम काँग्रेसने तिथे मंजूर केला तो पुढे फैजपूरच्या नावानेच ओळखला गेला. कापसाच्या आणि केळीच्या मुलखात, शेतकऱ्यांच्या गर्दीसमोर, देशाच्या राजकारणात शेतकरी मध्यभागी आला. याहून मोठी घटना खान्देशच्या अलीकडच्या इतिहासात शोधून सापडायची नाही.

आणि स्वातंत्र्यलढ्यावरचे माहितीपट लाहोरहून दांडीला, दांडीहून गवालिया टँकला उडी मारतात. कारण उघड आहे. दांडीयात्रेचं चित्रीकरण झालं होतं, तिथे डोळ्यांत भरणारं दृश्य होतं, वाकून मीठ उचलणारा माणूस होता. शेतसाऱ्याच्या ठरावाचं दृश्य कसं दाखवणार? ज्याचं चित्र आहे ते आधी लक्षात राहतं, मग तेवढंच महत्त्वाचं ठरतं. १८५७ चंही असंच झालं. मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी सगळ्यांना पाठ आहे. सातपुड्यात खाज्या नाईकाने भिल्लांना घेऊन शिरपूरच्या रस्त्यावर सरकारी खजिना लुटला, ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या रानात इंग्रजी फौजेशी मोठी झुंज झाली, हे धुळे-नंदुरबारच्या बाहेर कितींना ठाऊक आहे? १४ एप्रिल १९४४ ला चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारला जाणारा साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. डॉ. उत्तमराव पाटील, लीलाताई पाटील यांच्या खान्देशातल्या गटाबरोबर साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी होते. दोन मुलखांचे लोक जिवावर उदार होऊन एकत्र आले. पाहायला बसलं तर उठवणार नाही, अशी ही हकिकत आहे.

चित्र नाही म्हणून चित्रपट नाही, ही सबब मात्र मी मान्य करत नाही. अमेरिकेत केन बर्न्स यांनी १९९० साली तिथल्या यादवी युद्धावर मालिका केली. त्या युद्धाची एक इंचभरही हलती फीत असणं शक्य नव्हतं. त्यांनी जुनी छायाचित्रं, शिपायांची पत्रं आणि ती वाचणारे चांगले आवाज एवढ्यावर कोट्यवधी लोकांना खिळवून ठेवलं. त्यात काळ्या लोकांची बाजू अपुरी राहिली, युद्धानंतरची वर्षं घाईने उरकली, अशी टीका तिथल्याच इतिहासकारांनी पुस्तक काढून केली. ते वाद झाले हेही त्या मालिकेचं देणं.

मला त्याहून जवळचं उदाहरण फ्रान्सचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात सगळा देश नाझींविरुद्ध लढला, अशी स्मृती फ्रान्सने स्वतःसाठी जपली होती. मार्सेल ऑफ्यूल्स यांनी १९६९ साली ‘सॉरो अँड द पिटी’ हा चार तासांहून मोठा माहितीपट केला. त्यासाठी त्यांनी पॅरिस निवडलं नाही. क्लेरमाँ-फेराँ हे एक प्रांतातलं गाव निवडलं, तिथले दुकानदार, शेतकरी, मास्तर यांच्यासमोर बसले आणि विचारलं, तुम्ही तेव्हा काय करत होतात? कुणी लढलेला होता, कुणी गप्प बसलेला, कुणी शत्रूशी जुळवून घेतलेला. फ्रेंच दूरचित्रवाणीने तो माहितीपट १९८१ पर्यंत दाखवला नाही. एका गावाच्या आठवणीने देशाची आठवण बदलली. आपल्याकडे आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला, तेव्हा मुंबईच्या वस्त्यांमधल्या शाहिरांचे जे आवाज वाऱ्यावर गेले असते ते कायमचे राहिले.

जामनेर हेही तसंच एक प्रांतातलं गाव आहे. इथे वेशीत उभं राहून इतिहास पाहिलेल्यांचे नातू-पणतू राहतात, तावडी बोलतात, तांड्यांवर गोरमाटी बोलतात, आणि शाळेतल्या स्मार्ट टीव्हीवर आपल्याच नदीकाठच्या लेण्यांची गोष्ट स्मिथच्या डोळ्यांनी शिकतात. मी अशा एका वर्गात मागे बसलो होतो. व्हिडिओ संपल्यावर सन-तारीख सगळ्यांनी बिनचूक सांगितली. वाघूर पुढे कुठे जाते, असं विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, आमच्या शेताला लागून. तिला तो व्हिडिओ आणि ते शेत यांचा काही संबंध आहे असं कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर तिने व्हिडिओ परत लावायला लावला.

साधनं नाहीत असंही नाही. वि. का. राजवाडे पायाला भिंगरी लावून दप्तरं गोळा करत फिरले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात देह ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, ते आजही आहे. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या हस्तलिखितांचं समर्थ वाग्देवता मंदिर आहे. जळगावला जैन हिल्सवर २०१२ पासून गांधीतीर्थ आहे. विद्यापीठ आहे, बहिणाबाईंच्या नावाचं. राजवाड्यांची शिस्त होती की अस्सल कागद पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. आज मोबाइलवर इतिहास सांगणाऱ्या प्रत्येक तरुणाने एकदा धुळ्याला जाऊन ती दप्तरं हाताळावीत. व्हिडिओच्या शेवटी आपण हे कुठे वाचलं ते सांगावं. आपलं नाव आणि तोंड दाखवावं, म्हणजे चुकलं तर लोकांना विचारता येईल. एवढी अट पाळली तर या पोरांच्या हातून मोठं काम होईल, कारण कॅमेरा आता त्यांच्या खिशात आहे आणि तो कुणाच्या परवानगीने चालत नाही.

वेळ मात्र फार थोडा उरला आहे. फैजपूरला दहाव्या वर्षी बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं मूल आज शंभरीला टेकलं. चिमठाण्याची बातमी ज्याने पोरवयात चावडीवर ऐकली तो नव्वदी ओलांडून गेला. पीजेवर नोकरी केलेले आहेत, घाटाखाली गुरं चारायला जाणारे आहेत, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया आहेत. या दिवाळीला भाऊबंद घरी जमतील तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर मोबाइल ठेवा, त्यांच्या बोलीत त्यांना बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. गाव, नाव, अंदाजे साल कागदावर लिहा. आणि त्या रेकॉर्डिंगची एक प्रत धुळ्याला किंवा जळगावला, जिथे ती जपली जाईल अशा ठिकाणी, नेऊन द्या.